औषध: काही नाही

१४ मे

दादा,

फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी ‘हॅलो’ म्हणते, तू ‘हं, बोल’ म्हणतोस, मग माझा आवाज जातो आणि तू लाइन खराब आहे असं सांगून फोन आईच्या हातात देतोस. लाइन चांगली असते. म्हणून आता पत्र लिहायचं ठरवलंय. कागदावर रडले तर तुला ऐकू येणार नाही.

हे गेले त्याला आज सहा महिने झाले. त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी तुला सांगितलेलंच नाही. तू आलास, दोन दिवस राहिलास, आणि ते दोन दिवस खुर्च्या मांडण्यात आणि आल्यागेल्याला चहा देण्यात गेले.

यांना दमा होता आणि पंप घरात होता. आदल्याच आठवड्यात मी तो हलवून पाहिला होता. आत काहीतरी खळखळलं, म्हणून ठेवून दिला. औषध संपलं तरी पंपात द्रवरूप वायू उरतो आणि तोही तसाच खळखळतो, हे मला नंतर कळलं. नवा पंप आणलेला होता, पण तो यांच्या ऑफिसातल्या कोटाच्या खिशात. वादळात झाड पडून रस्ता बंद. रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली.

मी वीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेची व्यवस्था बघते. तिथे एकूण एक बाटलीवर उघडल्याची तारीख असते, संपायची तारीख असते, उघडणाऱ्याची सही असते. साध्या मिठाच्या बाटलीवरसुद्धा. घरातल्या पंपावर मी कधी काही लिहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, पंप भरलेला असता तरी खात्रीने सांगता आलं नसतं. ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. रोज वाचते. अजून पटत नाही.

आता मुद्द्याचं. तुमची गल्ली नदीकडे उतरते आणि आपलं घर तळमजल्यावर. मागच्या वेळी पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. आईचं इन्सुलिन, बाकीच्या गोळ्या, हे सगळं घेऊन दहा मिनिटांत बाहेर पडायची वेळ आली तर तुम्ही काय कराल? मला खरं उत्तर दे. ‘बघू’ हे उत्तर नाही.

फेब्रुवारीत येतो म्हणालास आणि आला नाहीस. त्याचा राग नाही. (थोडा आहे.)

तुझी,
ठमी


२३ मे

इन्स्पेक्टरीणबाईंच्या सेवेशी,

पत्र मिळालं. दुकानात बसून वाचलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला वाटलं मालकांच्याच डोळ्यांना पाणी येतंय तर इथला चष्मा घ्यावा की नाही. शेवटी घेतला बिचाऱ्याने.

पंपाचं मला माहीत नव्हतं. सहा महिने तू हे एकटीने पोटात ठेवलंस. विचारायला हवं होतं, पण मला कसं विचारतात तेच येत नाही. लोकांना ‘खालची ओळ दिसते का’ एवढं विचारण्यात तीस वर्षं गेली.

फेब्रुवारीत दुकानाला रंग काढला होता. रंगाऱ्याने आठ दिवस सांगून चोवीस लावले. तुझा राग मान्य आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर: आजच्या घडीला दहा मिनिटांत आम्ही फक्त भांडण पूर्ण करू शकतो. आईची औषधं कुठे असतात माहीत आहे? बटणांच्या डब्यात. गोळ्या पाकिटातून काढून एकत्र टाकलेल्या. म्हणते, ‘पांढरी सकाळची, पिवळी रात्रीची, आणि गुलाबी डोकं दुखलं तर. यात न कळण्यासारखं काय आहे?’ मी डबा उपडा करून मोजलं. एकूण एक्केचाळीस नग निघाले. त्यातली तीन बटणं होती.

मी म्हटलं, ‘आई, एखाद दिवशी बटण गिळशील.’

‘गिळलं तर पोटाला लागेल तरी,’ म्हणाली. ‘तुझ्या डॉक्टरच्या गोळ्यांनी काय होतंय?’

तेव्हा तू सांगशील तसं करतो. खरंच करतो. नियम लिहून पाठव, मात्र मोठ्या अक्षरात. आईला खालची ओळ दिसत नाही.

दादा


२ जून

दादा,

बटणांवर मी हसले. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

सोबत कागद पाठवते आहे. प्रत्येक माणसाला एक कागद. घरात दोन माणसं, म्हणून दोन. औषधाचं नाव, किती, केव्हा, कशासाठी, कोणत्या डॉक्टरने दिलं, कशाची ऍलर्जी. हे सगळं भरून कपाटाच्या दाराला आतून लाव आणि एकेक प्रत पिशवीत ठेव. औषधांच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्सही त्यातच, प्लॅस्टिकमध्ये.

पिशवी दाराजवळच्या खुंटीला. तिच्यात दोघांची आठ दिवसांची औषधं, पाकिटातून न काढलेली. कात्रीने कापायची झाली तर तारखेची बाजू कापून टाकू नकोस. दर महिन्याच्या एक तारखेला पिशवीतली औषधं वापरायला काढायची आणि नवी आत ठेवायची, म्हणजे काही जुनं होत नाही. डॉक्टरने गोळी बदलली तर त्याच दिवशी पिशवीतलीही बदलायची.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहू दे. निघताना रुंद तोंडाच्या फ्लास्कमध्ये घाल, पण बर्फाला थेट टेकवू नकोस. एकदा गोठलं की ते गेलं, परत वितळून उपयोग नाही. आईची साखर एकदम उतरली तर साखरेची पुडी हवी. टॉर्च, सुटे सेल, आईचा जादा चष्मा (तो तरी तुझ्याकडून फुकट मिळेल).

आणि एकदा सराव करा. घड्याळ लावून.

मला कळतंय की हे जरा जास्त होतंय. परवा वहीत मी स्वतःलाच विचारलं की हे मी आईसाठी करतेय की मला झोप यावी म्हणून. पण पिशवी भरलेली असेल तर कारण कुठलंही असो.

ठमी


१९ जून

इन्स्पेक्टरीणबाई,

अहवाल सादर करतो.

पिशवी भरली. निळी, दोन बंदांची, खुंटीला. सराव रविवारी सकाळी केला. वेळ: एकोणीस मिनिटं. पैकी सात मिनिटं आईने स्वयंपाकघराला कुलूप घालण्यात घालवली. मी म्हटलं, ‘पूर आलाय, चोर नाही.’ तर म्हणे, ‘पूर ओसरल्यावर चोरच येतात.’ तीन मिनिटं ती पायात घालायचं शोधत होती आणि ते तिच्या पायातच होतं. आम्ही पिशवी घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला पोचलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई गॅलरीत होत्या. त्यांना वाटलं मायलेक भांडून घर सोडून चाललेत. धावत खाली आल्या समजूत घालायला. पिशवी मग त्यांनीच परत आणली. चढाव बराच आहे गं आपल्या गल्लीला, लहानपणी जाणवायचा नाही.

पुढच्या सरावाला पंधरा मिनिटांचं लक्ष्य आहे.

बटणांचा डबा जप्त केला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘मग आता बटणं कुठे ठेवायची?’

कागद भरले, प्रती सोबत आहेत. चिठ्ठ्यांची झेरॉक्ससुद्धा आहे. आईचा कागद भरताना मला कळलं की तिच्या थायरॉइडच्या गोळीचं नाव मला आठ वर्षांत माहीत नव्हतं. माझा कागद बघ आणि समाधान मान.

दादा

(सोबतच्या दुसऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात:
नाव: दादा. वय: त्रेपन्न. औषध: काही नाही. ऍलर्जी: बहिणीच्या उपदेशाची.)


१ जुलै

दादा,

तुझा कागद मी प्रयोगशाळेच्या कपाटाला लावलाय. सहकारी बाई विचारत होत्या, हे कुठलं रसायन.

एक शंका. आईच्या चिठ्ठीची जी झेरॉक्स पाठवलीस, तिच्या उजव्या कडेला दुसऱ्या कुठल्यातरी चिठ्ठीचा तुकडा आलाय. औषधाच्या नावाची शेवटची चार अक्षरं, आणि पुढे ‘रोज, चुकवू नये’ असं लिहून खाली दोन रेघा. मी ग्रंथालयात जाऊन नाव जुळवलं. ती रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. हृदयाच्या लोकांना देतात. आईच्या कागदावर ती नाही.

आईला नसेल तर कुणाला? ते तुझं नाही ना? सरळ विचारते, सरळ सांग. गल्लीचा चढाव तुला जाणवला हेही मी दोनदा वाचलं.

ठमी


१० जुलै

ठमे,

सरळ सांगतो. झेरॉक्स औषधाच्या दुकानातच काढली. त्या पोराने आधीच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी काचेवर तशीच ठेवली होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, जीभ चावली त्याने. चिठ्ठी कुणा म्हाताऱ्याची होती, त्याला परत मिळाली. झालं समाधान?

चढावाचं म्हणशील तर त्रेपन्नाव्या वर्षी दिवसभर स्टुलावर बसून काम करणाऱ्या माणसाला दम लागतो. तू इथे राहून महिनाभर चष्म्याच्या काचा घास, मग बोलू.

तुला सगळीकडे आजारच दिसायला लागलेत. हा डोळ्यांचा नंबर नाही, मनाचा आहे, आणि त्याची काच माझ्याकडे नाही. तू एक माणूस गमावलंस. उरलेल्यांवर नजर ठेवत जन्म काढू नकोस. आम्ही आहोत.

सुट्टीत ये. आई तुझ्यासाठी खोली झाडून बसलीये. कपाटं उघडून बघायची नाहीत या अटीवर.

दुसरा सराव: चौदा मिनिटं.

दादा


१५ जुलै

दादा,

बरं. विश्वास ठेवला. पुन्हा विचारणार नाही.

सुट्टीत जमेल असं वाटत नाही, परीक्षा पुढे गेल्या आहेत. ऑगस्टच्या शेवटी बघते.

पाण्याच्या बातम्या बघत राहा.

ठमी


६ ऑगस्ट, शाळेच्या हॉलमधून

ठमे,

शेवट आधी सांगतो म्हणजे तू खालच्या ओळीवर उडी मारणार नाहीस: आम्ही दोघं कोरडे आहोत.

काल सकाळी नऊला भोंगा वाजला. नऊ वाजून अकरा मिनिटांनी आम्ही गल्लीच्या वर होतो. अकरा! आईने कुलूप घातलं नाही. नुसतं दारावर हात ठेवून दोन क्षण उभी राहिली आणि चल म्हणाली. दुपारपर्यंत पाणी आपल्या खिडकीला लागलं. दुकान तर त्याआधीच गेलं होतं, ते आपल्या घराच्याही खाली आहे.

इथे शाळेच्या हॉलमध्ये दीडेकशे माणसं आहोत. इन्सुलिन गार आहे. नर्स येते, वही घेऊन सगळ्यांना विचारत फिरते. तिने आईचा कागद वाचला आणि विचारलं, हा कुणी केला? म्हटलं, माझी बहीण, रसायनशाळेत असते. तिने तो हॉलभर दाखवला. ज्यांची औषधं घरी राहिली त्यांची नावं लिहून घेतली आणि मास्तरीणबाईंची रक्तदाबाची गोळी आज सकाळी होडीतून आलीसुद्धा. तुझ्या नावाचा उदोउदो चाललाय. आई तर अशी बसलीये की कागद तिनेच काढलाय.

मी जरा थकलोय. फरशीवर झोपायचं वय राहिलं नाही.

पंपाचं जे झालं ते झालं. आता ती वही मिट. इथे तू चुकली नाहीस, हे मी डोळ्यांनी बघतोय, आणि डोळ्यांच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नर्स टपाल घेऊन चाललीये. थांबतो.

दादा


१२ सप्टेंबर

आई,

पंधरा दिवस आपण एका खोलीत होतो. भिंती धुतल्या, गाद्या वाळवल्या, भेटायला येणाऱ्यांशी बोललो. एकमेकींशी बोललो नाही. इथे परत येऊन मला जवळजवळ तीन आठवडे झाले. दार उघडलं तेव्हा आत पडलेल्या टपालात दादाचं पत्र होतं, सहा तारखेचं. तो आठ तारखेला गेला. मी निघाल्यानंतर ते आलं असणार.

त्याने लिहिलंय, इथे तू चुकली नाहीस.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात घेऊन सांगितलं होतं. तू आत होतीस. म्हणाले, दादाच्या हृदयाच्या नळीत फेब्रुवारीत जाळी बसवली होती. अशा माणसाने रक्त पातळ ठेवायची गोळी पहिलं वर्षभर एक दिवसही चुकवायची नसते, नाहीतर जाळीतच गुठळी होऊ शकते. तीन दिवस गोळ्या नव्हत्या. मी विचारलं, घेतल्या असत्या तर? ते म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही. हेच वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं.

फेब्रुवारी म्हणजे तो आला नाही तो महिना. दुकानाला रंग काढला होता म्हणाला. मी तिकडे होते तेव्हा दुकानाच्या भिंती बघितल्या. पाणी चढलं नव्हतं तिथे वरती जुनाच रंग आहे.

आता जे मी तुला तोंडावर सांगू शकले नाही ते सांगते. जुलैत मला त्याच्या चिठ्ठीचा तुकडा सापडला होता. झेरॉक्सच्या कडेला आला होता. मी गोळीचं नावही शोधून काढलं. त्याला विचारलं, तुझी आहे का? तो नाही म्हणाला, कुणा म्हाताऱ्याची आहे. आणि मी ‘विश्वास ठेवला’ असं लिहून मोकळी झाले. त्या संध्याकाळी वहीत लिहिलंय: ‘उत्तर फार तयार वाटतं.’ वहीत लिहिलं, त्याला नाही. एक फोन तुला केला असता तर? औषधाच्या दुकानात केला असता तर? कोणी सांगितलं नसतं कदाचित. पण मी केला नाही, कारण त्याचं उत्तर मला हवं तेच होतं.

दुसऱ्यांचे कागद भरून घेताना जो माणूस ते भरतोय त्याच्याकडे मी बघितलं नाही. बघितलं, आणि नजर काढून घेतली.

तुला हे माहीत होतं का, आई? फेब्रुवारीचं? मी तुला दोष द्यायला विचारत नाही. निदान तसं मला वाटतंय.

ठमी


२२ सप्टेंबर

पोरी,

मास्तरीणबाई लिहून देते म्हणाल्या. मी नको म्हटलं. हे दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही. अक्षर वाकडं येईल.

माहीत होतं. त्याच्या छातीत दुकानात कळ आली. दुकान बंद करून, किल्ली खिशात घालून, स्वतःच रिक्षा करून इस्पितळात गेला. जाळी बसवल्यावर मला निरोप. चार दिवसांनी घरी आला आणि पहिल्यांदा काय केलं तर माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, ठमीला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही, माझी शपथ आहे तुला. म्हणाला, तिचं कुंकू जाऊन तीन महिने झालेत, तिला आता माझ्या छातीकडे बघत बसवू नकोस. मी शपथ घेतली. तेव्हा मला ते चांगलंच वाटलं. तुझी मला काळजी होती.

तुझे कागद आले तेव्हा मी म्हटलं, तुझा खरा भर. तो म्हणाला, तो कागद तिच्याकडे जाणार आहे. गोळ्या तो दुकानात गल्ल्याखालच्या खणात ठेवायचा. तू सुट्टीत आलीस की घरातली कपाटं उघडशील म्हणून.

त्या दिवशी दारातून निघताना मला आठवण झाली. विचारलं, तुझ्या? म्हणाला, दुकानात पाणी शिरलंय, दोन दिवसांनी काही होत नाही. मलाही वाटलं, होत नसेल. मी डॉक्टर आहे का?

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी हॉलमध्ये ती नर्स वही घेऊन आमच्या चटईपाशी बसली. त्याने माझं सगळं घडाघडा सांगितलं. मग तिने विचारलं, ‘आणि काका, तुम्हाला काही चालू आहे का?’ त्याने तिच्याकडे बघायला हवं होतं. माझ्याकडे बघत होता. मी बोलले असते तर त्याने अडवलं नसतं, असं मला आता वाटतं. तेव्हा काय वाटलं ते सांगते. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की ज्याची घेतली त्याच्या जिवावर बेतते. माझ्या आईने मला हे सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. तू हसशील. शिकलेली आहेस. पण माझ्या डोक्यात तेवढंच होतं, की मी आत्ता तोंड उघडलं तर याला काहीतरी होईल. मी खाली बघून शालीचा सुटलेला धागा ओढत बसले. तो म्हणाला, ‘मी ठणठणीत.’ नर्स पुढच्या चटईवर गेली.

आठ तारखेला सकाळी तो म्हणाला, दुकान बघून येतो. मला कळलं कशाला ते. कमरेइतक्या पाण्यातून अर्ध्यावर गेला आणि परत आला. पायऱ्या चढताना शेवटच्या दोन राहिल्या तेव्हा बसला. मास्तरीणबाईंना वाटलं, दम खातोय.

त्याला काही होऊ नये म्हणून मी गप्प बसले. हे तू तुझ्या वहीत लिही आणि मला सांग, याचं काय करायचं.

तू विचारलंस हे बरं केलंस. मी आपणहून सांगितलं नसतं.

मी बरी आहे. मास्तरीणबाईंकडे वरती आहे, खालच्या भिंती अजून ओल्या आहेत.

आई


२९ सप्टेंबर

आई,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. पहिले दोन दिवस मला तुझा राग आला. फार आला. सांगू नये असं वाटलं, म्हणूनच सांगते आहे. मी प्रयोगशाळेत बाटल्या पुसत होते आणि मनात नर्स, चटई, तुझी शाल. एक शब्द, आई. होडीतून मास्तरीणबाईंची गोळी आली तशी त्याची आली असती.

मी हसले नाही. हे तुला कळवायला हवं. शपथेवर मी विश्वास ठेवत नाही, पण चटईवर तुझ्या जागी मी बसले असते आणि त्याने माझ्याकडे तसं बघितलं असतं, तर मी बोलले असते असं मला छातीवर हात ठेवून लिहिता येत नाही. काल रात्रभर लिहून बघितलं. दरवेळी खोडलं. तुझ्याजवळ निदान भीती होती. मला कुणी शपथ घातली नव्हती. मला तो तुकडा मिळाला होता, ग्रंथालय होतं, फोन होता, आणि तरी मी खाली बघितलं.

याचं काय करायचं, विचारलंस. मला माहीत नाही. वहीतही लिहिलं नाही अजून. तुला माफ करणारी मी कोण, आणि मला तू करशील तर ते मला हवंय का, हेही कळत नाही. एवढंच कळतं की त्याने आपल्या दोघींना काळजीपासून वाचवायला बघितलं, आणि आपण दोघींनी त्याला ते करू दिलं. तो असता तर त्याच्याशी कडाकडा भांडले असते. तो नाही म्हणून भांडण तुझ्याशी होतंय. ते होऊ दे थोडे दिवस. मी त्यासाठी यायचं थांबणार नाही.

प्राचार्यांना सांगून पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने येते. पुढे तू इथे यायचं की मी तिकडे बदली मागायची, ते आल्यावर बघू. ‘बघू’ हे उत्तर नाही असं मी म्हणायची, पण या प्रश्नाला आज माझ्याकडे तेवढंच आहे.

मास्तरीणबाईंना मी परवा फोन केला होता. दुसऱ्याच कामासाठी केला होता. त्या बोलता बोलता म्हणाल्या, तुझ्या दोन्ही पायांना सूज आहे, संध्याकाळी चपला चढत नाहीत, आणि तू त्यांना कुणाला बोलू नका म्हणून सांगितलंयस. तुझ्या पत्रात ‘मी बरी आहे’ असं आहे.

किती दिवसांपासून आहे, आई? आडवं पडवत नाही म्हणून दोन-दोन उश्या घेऊन झोपतेस का? दम लागतो का? मी डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे, पण दम लागत असेल तर सोमवारपर्यंत थांबायचं नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याच दिवशी मास्तरीणबाईंबरोबर जायचं. मी त्यांना आत्ता पुन्हा फोन करते आहे. तुला राग येईल. येऊ दे.

ठमी